ओल्या दोराची खिट्टी

पेटंटचे एजंट मिस्टर ऑर्मरॉड यांनी हॅमच्या तिसऱ्या कापाकडे हात नेला, तेव्हा थिर्झाला कळून चुकलं की हा माणूस सही घेतल्याशिवाय मँचेस्टरला परतणार नाही, आणि पोट भरल्याशिवाय सही घेणार नाही. म्हणजे अजून थोडा वेळ होता. कशासाठी वेळ होता, हे मात्र तिला सांगता आलं नसतं. ईस्टरला ती आपल्याच तोंडाने 'हो' म्हणून बसली होती. सगळ्यांसमोर, याच टेबलाशी. कपड्यांच्या दांड्यांचा दोर भिंतीशी धरून ठेवणारी खिट्टी तिची, पण पेटंट थोरल्या दिरांच्या नावावर.

डोक्यावर छताजवळच्या दांड्यांवर रविवारच्या शाळेतल्या पोरींचे पांढरे फ्रॉक दाटीवाटीने लोंबत होते. सकाळी व्हिटसनच्या सणाच्या मिरवणुकीत बँड चौकाशी वळायला आणि आभाळ फाटायला एकच गाठ पडली. पोरी निथळत घरी आल्या. संध्याकाळी मैदानावर शर्यती होत्या, बक्षिसं होती, गोड पाव होते, आणि दुसरा पांढरा फ्रॉक गल्लीत कुणाकडे असणार? हॅम उकडायला सकाळपासून चूल पेटलेलं घर एकच, थिर्झाचं. झालं. अख्ख्या गल्लीची अब्रू तिच्या छताला टांगली गेली. अधूनमधून एखादा थेंब सुटायचा आणि मिस्टर ऑर्मरॉड यांच्या टकलावर नेमका बसायचा. ते बिचारे रुमालाने तो टिपायचे आणि पुन्हा हॅमकडे वळायचे.

"घ्या, लाजू नका," एनॉक भाऊजी म्हणाले. धाकट्या भावाच्या घरीसुद्धा हॅम तेच कापत. सुरी हातात आली की त्यांचा आवाज चॅपेलातल्यासारखा व्हायचा; दर पंधरवड्याला ते तिथे प्रवचन द्यायचे आणि त्यातलं निम्मं त्यांच्या हातवाऱ्यांत राहून जायचं. "माझ्या कारखान्यात ओतलेली वस्तू आता लंडनला जाणार. वडील बघायला असायला हवे होते."

"वडील असते तर झोपले असते. दुपारचे तीन वाजलेत," शेगडीजवळच्या खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या. केझाया हेवर्थ काळ्या रेशमी झग्यात आणि काळ्या टोपीत ताठ बसल्या होत्या. टोपी त्यांनी घरात आल्यावरही उतरवली नव्हती. "पण अभिमान वाटला असता त्यांना. थोरल्याचा."

'थोरल्याचा' हा शब्द त्यांनी असा ठेवला, जसा कुणी टेबलाच्या मधोमध केक ठेवतो.

थिर्झाने नवऱ्याकडे पाहिलं. जेबेझ आपल्या बशीतल्या लोणच्याशी काहीतरी बोलणी करत असल्यासारखा खाली बघत होता. त्याचाही दोष नव्हता. गिरणी बंद पडली त्या हिवाळ्यात या घरात कोळसा आला तो एनॉकच्या गाडीतून, आणि तो कोळसा अजून या घरात धुमसत होता. कुणी बोलून दाखवत नसे. बोलून दाखवायची गरजच नव्हती. ईस्टरला भाऊजी म्हणाले होते, "बाईच्या नावाने लोखंडी वस्तू दुकानात ठेवली तर गिऱ्हाईक विचारेल, ही ओतलीय की विणलीय?" सगळे हसले होते. थिर्झाही हसली होती, आणि हसता हसताच तिच्या तोंडून 'हो' निघून गेलं होतं.

"थिर्झा, चहा ओतू?" शेजारून सेलिना वाकली. एनॉकची बायको गोल, गोरी, आणि सगळ्यांना वाटे तितकी गरीब मुळीच नव्हती. कपाच्या आडून ती पुटपुटली, "गप्प का गं तू? काहीतरी बोल. नाहीतर मी कागदावर किटली लवंडते. माझा हात थरथरतो, सगळ्यांना ठाऊक आहे."

"थरथरत नाही तुमचा हात."

"आज थरथरेल."

थिर्झाला हसू आवरेना. पण बोलायचं काय? दिलेला शब्द फिरवायचा, तोही सणाच्या दिवशी, सासूबाईंसमोर, ज्यांनी पोटाला दिलं त्यांच्या तोंडावर? आणि शनिवारी तिने जे केलं होतं, ते तर तिने धड कुणाला सांगितलंही नव्हतं. केलं आणि भिंतीवर बसवलं, बस्स.

मिस्टर ऑर्मरॉड यांनी अखेर बोटं पुसली, बॅग उघडली, आणि एक कागद बशांच्या मधल्या कोरड्या जागेवर ठेवला. लेट्टीने लगेच खुर्ची पुढे ओढली. थिर्झाची ही सतरा वर्षांची लेक मोठ्या शाळेत पहिली आल्यापासून घरातल्या प्रत्येक कागदावर आपला हक्क आहे असं समजे.

"वाचून दाखवतो, म्हणजे नंतर कुणाची तक्रार नको," ते म्हणाले. "कपडे वाळवण्याच्या टांगत्या दांड्यांचा दोर धरून ठेवणाऱ्या खिट्टीतील सुधारणा. मी, एनॉक हेवर्थ, लोखंड ओतणारा, असं जाहीर करतो, की या वस्तूचा खरा आणि पहिला शोधकर्ता मीच आहे. आणि माझ्या माहितीप्रमाणे आणि समजुतीप्रमाणे ही वस्तू दुसरं कुणीही वापरत नाही. इथे सही."

वरून एक थेंब पडला, तो लोण्यात.

"खरा आणि पहिला," लेट्टी म्हणाली.

"लेट्टी, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये," सासूबाई म्हणाल्या.

"मी कुठे बोलले, आजी? काकांना नीट ऐकू गेलं का तेवढं बघतेय."

"ती कायद्याची भाषा असते," एनॉक भाऊजी म्हणाले. पण सुरी त्यांनी खाली ठेवली होती. "साचा माझा. ओतकाम माझं. खिट्टीला दात बसवायचे हेही माझंच डोकं. थिर्झाने आपलं… सुचवलं."

"काय सुचवलं?" मिस्टर ऑर्मरॉड यांनी सहज विचारलं.

"हेच, की खिट्टी असावी."

सेलिना किटलीकडे बघत म्हणाली, "काल चॅपेलात तुम्ही तासभर जिभांवरच बोललात ना हो? येशूच्या शिष्यांच्या डोक्यावर अग्नीच्या जिभा उतरल्या आणि प्रत्येकाच्या तोंडून खरं तेवढंच निघालं. मला फार आवडलं. मागच्या बाकावरची मिसेस डकवर्थ तर रडली."

"सेलिना."

"आवडलं म्हणून सांगितलं."

भाऊजींचे कान लाल झाले. थिर्झाला त्यांची कीव आली, आणि स्वतःचा रागही. माणूस वाईट नव्हता. लबाड तर नव्हताच. त्याला खरोखरच वाटत होतं की जी वस्तू आपल्या भट्टीतून निघते ती आपली. जसं सासूबाईंना वाटे की जो मुलगा आपल्या पोटातून निघाला तो आपला, मग त्याचं लग्न होऊन वीस वर्षं का झालेली असेनात.

"बरं, ते पुढे बघू," मिस्टर ऑर्मरॉड म्हणाले. त्यांची नजर सीड केकवर होती. "दुसरं सोपं आहे. ही वस्तू बाहेर कुणी वापरत नाही ना? अर्ज करण्याआधी लोकांत गेलेली वस्तू म्हणजे उघड्यावर ठेवलेलं दूध. तिच्यावर मग कुणाचाच हक्क सांगता येत नाही. पण तुमच्या घरातलीच गोष्ट ही, तेव्हा…"

तो 'तेव्हा' तसाच लोंबकळत राहिला.

"गल्लीत आहे," थिर्झा म्हणाली.

"काय आहे?"

"खिट्टी. डकवर्थांकडे आहे. कोपऱ्यावरच्या ॲशवर्थांकडे आहे. म्हाताऱ्या मिसेस टॅटरसॉलकडे आहे, तिला हात वर करता येत नाहीत म्हणून. सासूबाईंकडे आहे. तशी… बऱ्याच घरांत आहे."

मिस्टर ऑर्मरॉड यांनी आल्यापासून पहिल्यांदाच काटा खाली ठेवला. मग पेनाला टोपण लावलं.

"वाटलीस तू?" भाऊजी उभे राहिले. "खिरापतीसारखी वाटलीस?"

"तुम्हीच ओतून पाठवल्या होत्यात, भाऊजी. 'वापरून बघा' म्हणालात."

"तू बघ म्हटलं होतं. गल्लीने बघावं असं नव्हतं म्हटलं."

"सोमवारी मी एकटी कुठे असते?" थिर्झा म्हणाली, आणि ते खरंच होतं. सोमवारी, धुण्याच्या दिवशी, या गल्लीत कुणाची वस्तू कुणाची नसे. एकीचा तांब्याचा हंडा दुसरीच्या अंगणात, तिसरीचा पिळायचा रूळ चौथीच्या दारात. नवीन काही आलं आणि ते एकीनेच ठेवलं, तर उरलेल्या तिच्याशी मंगळवारपासून बोलल्या नसत्या. "डकवर्थीण बघायला आली. तिची दांडी दोनदा तिच्या पोरावर पडली होती. तिला काय सांगू, की थांब, आधी लंडनला विचारते?"

"बघा," भाऊजींनी दोन्ही हात पसरले, "म्हणूनच म्हणत होतो, धंदा बायकांच्या हातात…"

"काका, बायकांच्या हातात नव्हताच दिला तुम्ही," लेट्टी म्हणाली. "तो तर तुमच्या नावावर होता."

सासूबाईंनी पाय आपटला. जेबेझने लोणच्यातून मान वर काढून बायकोच्या दिशेने बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत थिर्झाला काहीतरी दिसलं. तो तिच्याकडे बघतच नव्हता. तो तिच्या डोक्यावरून वर बघत होता, फ्रॉकांकडे.

थिर्झानेही वर बघितलं. इतके ओले फ्रॉक, वर पेटीकोट, वर मिसेस टॅटरसॉलच्या नातीचा जाड लोकरी शेला. सकाळपासून दांड्या तसूभर खाली आल्या नव्हत्या. आणि तिला एकदम हलकं वाटलं.

"पण ती ही नव्हे," ती म्हणाली.

"कोणती ही नव्हे?"

"गल्लीतली खिट्टी. ती वेगळी आणि ही वेगळी."

"एकच तर आहे," भाऊजी म्हणाले. "मीच ओतली ना."

"मग खाली घेऊन दाखवा की दांड्या," मिस्टर ऑर्मरॉड म्हणाले. त्यांनी पेन अजून हातातच ठेवलं होतं. "म्हणजे मलाही कळेल कशावर एवढं चाललंय."

भाऊजी तरातरा खिडकीजवळच्या भिंतीकडे गेले. आजवर दहा वेळा केलं होतं तसा दोर दोन्ही हातांनी धरला आणि वर ओढला. दोर हलला नाही. त्यांनी जोर लावला. खिट्टीने दोर आणखी घट्ट धरला. बाह्या सरसावून त्यांनी भिंतीला पाय लावला, आणि थिर्झाला दिसलं की जितकं ते ओढतायत तितकी तिची खिट्टी दाढ आवळतेय, गोगलगायीसारखी शांतपणे. सेलिनाने पदरासारखा ॲप्रन तोंडावर धरला. लेट्टीने तेवढेही कष्ट घेतले नाहीत, ती सरळ हसत होती.

"हे काय करून ठेवलंयस?" धापा टाकत भाऊजी म्हणाले.

"सरका," थिर्झा म्हणाली. तिने दोर जरासा खाली खेचला आणि खिट्टी दोन बोटांनी मागे धरली. खिट्टीने तोंड उघडलं, आणि दांड्या अलगद, अगदी लोण्यात सुरी उतरावी तशा खाली येऊ लागल्या. एक झालर मिस्टर ऑर्मरॉड यांच्या नाकाला लागली तेव्हा तिने बोटं काढून घेतली. दांड्या तिथेच थांबल्या. फ्रॉकांच्या पडद्यामागून एजंटांचा आवाज आला, "अगदी छान."

मग ती बोलायला लागली, आणि बोलता बोलता तिचा आवाज तिलाच नवा वाटला.

"तुमच्या खिट्टीला दात होते, भाऊजी. कोरड्या दोरावर ते धरतात. दोर ओला झाला की मऊ पडतो आणि दातांतून सुटतो. आणि आमचा दोर कोरडा असतो कधी? तेव्हा दात नकोत हे कळत होतं, पण काय हवं ते कळत नव्हतं. हे गिरणीतून जळणाला सूत गुंडाळायच्या मोडक्या लाकडी बॉबिना आणतात. त्यात एक निघाली, तिचं भोक मधोमध नव्हतंच, कडेला पडलेलं. चुलीत टाकणारच होते. पण टेबलावर ती नीट घरंगळेना, एका बाजूचं पोट पुढे काढून लडबडत चालली. म्हटलं, हिला भिंतीवर बसवली आणि दोर हिच्या अंगाला लावून नेला तर? वजनाने दोर ओढला की तो हिला फिरवणार. फिरली की पोट पुढे येणार आणि दोराला भिंतीशी दाबणार. वजन जास्त, तर दाबही जास्त. दोर ओला असो की कोरडा. मग कानशीने तिच्या पोटावर चरे पाडले आणि शनिवारी सकाळी बसवली."

मिस्टर ऑर्मरॉड फ्रॉकांखालून वाकून बाहेर आले आणि त्या बॉबिनकडे नाक लावून बघत राहिले. बोटाने फिरवून बघितली. पुन्हा फिरवली.

"ही दुसऱ्या कुठल्या घरात आहे?"

"नाही. एकच आहे."

"आणि शनिवारपासून इथे येऊन कुणी पाहिली? नीट विचार करून सांगा. आज सकाळी तर अर्धी गल्ली फ्रॉक घेऊन आली असेल."

"आली होती," थिर्झा म्हणाली. "पण आत कुणी नाही आलं."

"इतक्या बायका आल्या, आणि एकही आत आली नाही?"

सगळे त्यांच्याकडे असे बघायला लागले, की जणू त्यांनी रविवारनंतर काय येतं असं विचारलं होतं.

"मिस्टर ऑर्मरॉड," सेलिना हळुवारपणे म्हणाली, "पायरी घासलेली होती."

"मग?"

"व्हिटसनची पायरी," सासूबाई म्हणाल्या. एवढं अज्ञान त्यांना बघवेना. "शनिवारी पिवळ्या दगडाने घासतो आम्ही, कडेला पांढरी रेघ ओढतो. त्यावर पाऊस पडलेला. ओल्या पिवळ्या पायरीवर पाय ठेवणारी बाई या गल्लीत जन्माला यायचीय. दारातून हात लांब केले आणि फ्रॉक दिले, झालं. दारातून समोरची खोली तेवढी दिसते, हे स्वयंपाकघर नाही."

"म्हणून मला मागच्या दाराने आणलंत होय. कोळशाच्या कोठीतून."

"तुम्ही पाहुणे. तुम्हाला माहीत नसणार," लेट्टी म्हणाली.

मिस्टर ऑर्मरॉड यांनी टोपण काढलं. ते हसत होते. "तर ही वस्तू घराबाहेर गेलेली नाही. आतल्या माणसांखेरीज कुणी पाहिलेली नाही. उत्तम. पाहिली कुणी कुणी?"

"मी," थिर्झा म्हणाली. "यांनी. लेट्टीने."

"आणि मिस्टर एनॉक हेवर्थ यांनी?"

हा प्रश्न त्यांनी अगदी साधेपणाने विचारला. पण प्रश्न हवेत गेला आणि तिथून सगळ्यांवर एकेक करून उतरला. प्रथम लेट्टीवर, तिने ओठ गच्च मिटले. मग सेलिनावर. मग जेबेझवर. शेवटी भाऊजींवर. आधीच पाहिली होती म्हणावं, तर आत्ताच सगळ्यांसमोर भिंतीला पाय लावून ओढाताण केली होती. आपली ती दातांची म्हणावं, तर ती गल्लीभर झालेली, तिच्यावर आता कुणाचंच नाव लागणार नव्हतं. आणि या खिट्टीचा खरा आणि पहिला शोधकर्ता म्हणून सही करावी, तर कालच्या त्या अग्नीच्या जिभा.

"जुनीत तरी काय वाईट आहे?" ते म्हणाले, पण जोर गेला होता. "ज्यांच्याकडे आहे त्यांची एक तक्रार नाही. आईकडे मी माझ्या हाताने बसवली. आई, आहे काही तक्रार?"

सासूबाईंनी हनुवटीखालची गाठ सोडली, टोपी उतरवली आणि मांडीवर ठेवली. कपाळाच्या वर, पांढऱ्या केसांच्या भांगाजवळ, एक टेंगूळ होतं. निळं होऊन पिवळं पडायला लागलेलं.

"गेल्या सोमवारी," त्या म्हणाल्या. "दोन चादरींसकट."

"आई. मला सांगितलं का नाहीस?"

"तू बसवली होतीस ना. थोरल्याने बसवलेली वस्तू पडली असं तोंडाने कसं म्हणू?" मग त्या थिर्झाकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज थोडा बदलला. "तू ही नवी मला का नाही बसवून दिलीस गं, शनिवारी?"

"एकच बॉबिन होती, आई."

"हं. पुढची माझी."

सगळ्यात आधी सेलिना फुटली. मग लेट्टी. मग जेबेझ, जो वर्षातून दोनदा हसायचा, तो तोंडावर हात धरून गदागदा हलायला लागला. आणि मग, थिर्झाने आयुष्यभर लक्षात ठेवावं असं झालं. एनॉक भाऊजी आपल्या आईचं टेंगूळ बघून, स्वतःच्या भट्टीतल्या खिट्टीने केलेलं ते टेंगूळ बघून, आधी डोळे पुसायला लागले आणि पुसता पुसता हसायला लागले. हसू संपल्यावर ते खाली बसले. कागद त्यांनी दोन बोटांनी टेबलावरून पुढे सरकवला.

"ही मी आज पहिल्यांदा बघतोय," ते म्हणाले. "तसं लिहा कुठे लिहायचं असेल तर."

"असं कुठेच लिहावं लागत नाही," मिस्टर ऑर्मरॉड म्हणाले. "नुसतं नाव खोडलं की पुरतं. तसं दोघांची नावंही घालता येतात. खरा शोधकर्ता त्यात असला म्हणजे बास."

"मग दोघांची घाला," सासूबाई लगेच म्हणाल्या. "थिर्झाचं घाला आणि एनॉकचंही घाला. घरातलं घरात राहील. कुणाचं वाईट नको, कुणाचं चांगलं नको."

सगळे थिर्झाकडे बघू लागले. आणि तिला दिसलं, की 'हो' म्हणणं किती सोपं आहे. ईस्टरला होतं तितकंच. भाऊजी दिलासा मिळाल्यासारखे झाले होते. सासूबाईंनी टोपी पुन्हा हातात घेतली होती, जणू प्रश्न मिटलाच. नुसतं हसायचं होतं, बाकीचं आपोआप झालं असतं.

"नाही," थिर्झा म्हणाली.

ती हसली नव्हती. म्हणून तिने पुन्हा सांगितलं, सावकाश.

"ओतकाम तुमचं, भाऊजी. जितक्या खिट्ट्या होतील त्या तुमच्याच कारखान्यात ओतल्या जातील, दुसरीकडे नाही. त्या हिवाळ्यातला कोळसा मी विसरले नाहीये, आणि विसरणारही नाही. पण नाव माझं. एकटीचं. ईस्टरला मी हो म्हटलं ते चुकलं. तेव्हा मला वाटलं, नावाने काय होतं. आता ती बॉबिन घरंगळताना बघितलीय मी. ती मला एकटीलाच दिसली."

चुलीत एक निखारा फुटला. सासूबाईंचा हात टोपीच्या फितीवर थांबला होता.

"दादा," जेबेझ म्हणाला. एवढंच. पण तो खुर्ची उचलून बायकोच्या बाजूला येऊन बसला, आणि त्या घरात त्याहून मोठं भाषण कुणी केलं नव्हतं.

एनॉक भाऊजींनी भावाकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या बॉबिनकडे. "लाकडाची टिकणार नाही," ते अखेर म्हणाले. "लोखंडात घ्यावी लागेल. पोटाला चरे साच्यातच देतो. कानस नको मारायला."

"तिरपे द्या," थिर्झा म्हणाली. "सरळ नकोत."

"तिरपे देतो."

मिस्टर ऑर्मरॉड यांनी बॅगेतून कोरा कागद काढला आणि भराभर लिहायला लागले. थिर्झा हेवर्थ. गल्ली, गाव, परगणा. मग पेन थांबलं. "धंदा?" ते म्हणाले, आणि स्वतःच उत्तर दिलं, "'विवाहित स्त्री' लिहितो. बायकांचं बहुतेक तेच लिहितात."

"आणि पुरुषांचं 'विवाहित पुरुष' लिहितात का?" थिर्झाने विचारलं.

"नाही बुवा. तसं कधी लिहिलं नाही."

"मग तिचंही नको," जेबेझ म्हणाला. दोन मिनिटांत दुसऱ्यांदा तो बोलला, म्हणून सगळे वळले. "लग्न माझंही झालंय. त्याला कुणी धंदा म्हणत नाही."

"मग लिहू काय?"

लेट्टीने तोंड उघडलं. तिच्याजवळ एक सोडून दहा शब्द होते, सगळे लांबलचक आणि शाळेतले. पण तिच्याआधी एनॉक भाऊजी बोलले. ते सुरीने हॅमची कड उगाच सारखी करत होते, आणि मान खालीच होती.

"इंजिनिअर लिहा," ते म्हणाले. "माझ्या कारखान्यात आहेत काही, स्वतःला तसं म्हणवणारे. त्यांच्या डोक्यात आलं नाही हे."

मिस्टर ऑर्मरॉड यांनी लिहिलं. पेन थिर्झाच्या हातात आलं. तिची बोटं धुण्याच्या सोड्याने भेगाळलेली होती, आणि लग्नाच्या नोंदीनंतर तिने आपलं पूर्ण नाव कुठे लिहिलं असेल ते तिला आठवेना. तिने ते घाई न करता लिहिलं, प्रत्येक अक्षराला त्याची जागा देत. सेलिना तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती आणि खरोखरच तिचा हात थरथरत होता.

"झालं?" सासूबाई म्हणाल्या. टोपी त्यांनी बाजूला ठेवून दिली होती. टेंगूळ आता उघडंच होतं आणि त्याची त्यांना फिकीर दिसत नव्हती. "मग थिर्झा, चहा ओत बाई सगळ्यांना. घसा सुकला."

सवयीने थिर्झा अर्धी उठली. मग पुन्हा बसली, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून, कागदावर डोळे लावून.

"शाई ओली आहे, आई," ती म्हणाली. "वाळेपर्यंत मी इथून हलणार नाही."

मग एनॉक भाऊजींनी सुरी ठेवली, फडक्याने किटलीचा कान धरून ती उचलली, आणि चहा ओतायला लागले. अर्धा कपात पडला, अर्धा बशीत.